माटोळीचं बिल आणि ० = १०: दहावीच्या समीकरणांनी केलेली पंचाईत

व्हाळाकाठी (डिचोली)
रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. धागा गणिताचा आहे, पण सुरुवात माटोळीच्या (गणपतीवर फळं-पानं टांगायची चौकट) बाजारात झाली म्हणून तिथूनच सांगतो.

मुलगी यंदा दहावीला. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी वर्गात दोन चलांची रेषीय समीकरणं सुरू झाली होती. आमच्या वेळी त्यांना एकसामयिक समीकरणं म्हणायचे. मी मराठी माध्यमातला. ती चौथीपर्यंत मराठीत शिकली, पाचवीपासून इंग्रजीत, त्यामुळे माझा 'लोप' तिला कळत नाही आणि तिचं 'एलिमिनेशन' मला दोन मिनिटांनी कळतं. एक चल, म्हणजे क्ष किंवा य, घालवायचं म्हणजे लोप करायचा, एवढं जमवून घेतलंय आम्ही.

पुस्तकातली गणितं करून ती कंटाळली होती. म्हटलं, चल, खरं गणित देतो. बाजारात एकाच वाट्यातले ३ चिबूड आणि २ महाळुंग घेतले (चिबूड खरबुजासारखं, महाळुंग मोठ्या लिंबासारखं; आमच्या घरात मावळिंग म्हणतात), एकूण २३० रुपये झाले. शेजारच्या वहिनींनी त्याच सकाळी, त्याच बाईकडून, त्याच वाट्यातले ६ चिबूड आणि ४ महाळुंग घेतले, स्वतःच्या घरची माटोळी आणि सासूबाईंच्या घरची अशा दोन. त्यांचे ४५० झाले. मी ऐटीत म्हणालो, सांग आता एका चिबडाचा भाव काय नि महाळुंगाचा काय.

तिने लिहिलं:
३क्ष + २य = २३०
६क्ष + ४य = ४५०

पहिल्याला २ ने गुणलं, ६क्ष + ४य = ४६० आलं. वजाबाकी केली. क्ष गेला. य पण गेला! उरलं ० = १०. वही माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "पप्पा, तुमचं बिलच चुकीचं आहे."

मला काही सांगता येईना. माझ्या दहावीला असं कधी झालं नव्हतं, किंवा झालं असेल तर मी 'गणित चुकले' म्हणून पुढच्या गणितावर गेलो असेन. ० = १० म्हणजे नक्की काय समजायचं?

आणि दुसरी गोष्ट. घटक चाचणीत तिचे २ मार्क गेले. उत्तर बरोबर, पण प्रश्नात एक पद्धत सांगितली होती, हिने दुसरी वापरली. हे बरोबर आहे का?

---

उगाचच
रविवार, रात्री ९:२२

सोपं आहे की. त्या बाईलाच भाव विचारायचा.

---

व्हाळाकाठी
रविवार, रात्री ९:२५

विचारला होता. "एकटा घेतलात तर एक भाव, सगळं घेतलात तर दुसरा," असं म्हणाली. तिचं बीजगणित आपल्यापेक्षा पुढचं आहे.

---

खडू_आणि_डस्टर (फोंडा)
रविवार, रात्री १०:०५

व्हाळाकाठी, मुलीचं एकही पाऊल चुकलेलं नाही. तिची पाठ थोपटा आधी. ० = १० हेच उत्तर आहे.

मी तीस वर्षं हे शिकवलं. आता निवृत्त आहे, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

तुमचं एकटं बिल घ्या. ३ चिबूड, २ महाळुंग, २३० रुपये. यावरून भाव ठरतो का? चिबूड ४० ला असेल तर महाळुंग ५५ ला बसतं. चिबूड ५० ला, तर महाळुंग ४० ला. चिबूड ६० ला, तर महाळुंग २५ ला. सगळ्या जोड्या तुमच्या बिलात बसतात. आलेखाच्या कागदावर हे बिंदू मांडा, सरळ रेषा मिळेल. तुमचं बिल म्हणजे ती रेषा. खरा भाव त्या रेषेवर कुठेतरी आहे, एवढंच ते बिल सांगतं.

आता वहिनींचं बिल. चिबूड ४० ला धरा, महाळुंग ५२.५० येतं. ५० ला धरा, ३७.५० येतं. ६० ला धरा, २२.५० येतं. तुमच्या आकड्यांशेजारी हे आकडे ठेवून बघा. प्रत्येक ठिकाणी बरोबर अडीच रुपये कमी. म्हणजे वहिनींची रेषा तुमच्या रेषेखाली अडीच रुपयांवरून तिला चिकटून चाललीय, कुठेच भेटत नाही. समांतर. दोन्ही बिलांना एकाच वेळी मानवेल असा भाव जगात नाही, आणि ० = १० हे त्याचंच थोडक्यात लेखन.

वहिनींना ४६० पडले असते तर? तेव्हा वजाबाकीत ० = ० आलं असतं. म्हणजे त्यांची रेषा तुमच्या रेषेवरच पडली असती. तेव्हाही भाव कळला नसताच, कारण त्यांच्या बिलाने नवीन काहीच सांगितलं नसतं, तुमचंच वाक्य दोनदा म्हटलं असतं. ० = १० मध्ये उत्तर एकही नाही, ० = ० मध्ये उत्तरं मोजता येणार नाहीत इतकी. मुलं या दोहोंची नेहमी गल्लत करतात. माझ्या वर्गात तरी दरवर्षी निम्मी करायची.

म्हणून मी मुलांना सांगायचे, गुणाकार-वजाबाकीला हात घालायच्या आधी सहगुणकांकडे, म्हणजे क्ष-य ला लागलेल्या आकड्यांकडे, नुसतं बघा. ३ ला ६, २ ला ४, दोन्हीकडे दुप्पट. हे दिसलं की थांबा. आता उजवीकडे बघा, तिथेही दुप्पट आहे का? असेल तर एकच रेषा, नसेल तर समांतर. सहगुणकांचं गुणोत्तर वेगळं असेल तरच रेषा एका बिंदूत छेदतात आणि मग पुढची मेहनत करण्यात अर्थ आहे. दोन समीकरणं पुरत नाहीत, दोन *वेगळं* सांगणारी समीकरणं लागतात.

तुमच्या ओळखीत त्या बाईकडून आणखी कोणी खरेदी केली असेल तर विचारा. मात्र चिबूड-महाळुंगाचं प्रमाण ३:२ नसावं.

मार्कांबद्दल उद्या लिहिते, डोळे मिटतायत.

---

जुना_क्ष (मडगाव)
रविवार, रात्री १०:४०

बाई, अडीच रुपयांची रेषा आवडली. इतकी वर्षं 'समांतर' शब्द ऐकतोय, पण समांतर म्हणजे नक्की *किती* अंतराने हे बाजारभावात कधी पाहिलं नव्हतं.

---

चोडणची_पोर
सोमवार, सकाळी ८:१५

फेरीबोटीतून लिहितेय, रायबंदरच्या बाजूला लागायला आठ-दहा मिनिटं आहेत.

मला हा विषय शाळेत अजिबात जमायचा नाही. नंतर कळलं की मी तो रोज करत होते. आमची आजी फेरीत बसून गाड्या मोजायची, सवय तिची. एकदा मला म्हणाली, एकूण २६ गाड्या चढल्या, चाकं मोजली तर ६४. सांग मोटारी किती.

मी पिशवीतून पेन काढायच्या आत तिने सांगितलं, ६. कसं? ती म्हणाली, सगळ्या दुचाक्याच आहेत असं धर. मग चाकं ५२. पण आहेत ६४. बारा चाकं जास्त. प्रत्येक मोटार दोन चाकं जास्त आणते. बाराच्या निम्मे सहा. उरल्या वीस दुचाक्या.

शाळेत आम्ही हेच असं लिहायचो:
क्ष + य = २६
२क्ष + ४य = ६४
पहिलं दुपटीने वजा करायचं, २य = १२, य = ६.

खूप वर्षांनी लक्षात आलं, 'पहिलं दुपटीने वजा करणं' म्हणजेच आजीचं 'सगळ्या दुचाक्या धर'. ५२ दोन्हीकडे आहे, १२ दोन्हीकडे आहे. फक्त आजीला माहीत होतं की ती काय वजा करतेय आणि मला नव्हतं.

पोचले. बाकी संध्याकाळी.

---

उगाचच
सोमवार, सकाळी ८:५०

रिक्षा चढली असती तर?

---

चोडणची_पोर
सोमवार, सकाळी ८:५२

तर तिसरं चल आलं असतं आणि आजीने तिसरी गोष्ट मोजली असती. आरसे, कदाचित.

---

खडू_आणि_डस्टर
सोमवार, दुपारी १२:३०

चोडणची पोर, तुझ्या आजीला माझा नमस्कार. वर्गात 'एक समीकरण दुसऱ्यातून वजा करा' म्हटलं की मुलं आकडे वजा करतात, चाकं वजा करत नाहीत.

तुझ्या उदाहरणावरूनच एक सांगते. बहुतेक मार्क सोडवण्यात जात नाहीत, मांडण्यात जातात. फळ्यावर एक वाक्य लिहायचे: "फेरीतल्या दुचाक्या मोटारींच्या तिप्पट आहेत." दुचाक्यांसाठी द, मोटारींसाठी म. समीकरण करा. अर्धा वर्ग लिहितो ३द = म. वाक्यात जशी तिप्पट दुचाक्यांजवळ ऐकू येते तशी ती द जवळ जाऊन बसते. पण ३द = म ने तर मोटारी दुचाक्यांच्या तिप्पट होतात, उलटंच. बरोबर आहे द = ३म, कारण मोटारी थोड्या आहेत, त्यांना तीनने गुणलं तर दुचाक्या येतील. मोठ्या, हुशार मुलांचीही ही चूक होते. परदेशात इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना असाच प्रश्न घातला होता आणि तिथेही पुष्कळ जण उलटं लिहून आले.

चूक कशामुळे होते तर अक्षरामुळे. मुलाला वाटतं, द म्हणजे दुचाकी. द म्हणजे दुचाकी नव्हे, द म्हणजे दुचाक्यांची *संख्या*. चिबडाच्या गणितात क्ष म्हणजे चिबूड नव्हे, एका चिबडाची रुपयांतली किंमत. म्हणून मी वस्तूचं पहिलं अक्षर घेऊ देत नसे. क्ष आणि य बरे, त्यांचा कशाशीच संबंध नाही. आणि पहिली ओळ पूर्ण वाक्यात: "एका चिबडाची किंमत क्ष रुपये मानू." ही ओळ न लिहिणाऱ्यांचा मी अर्धा मार्क कापायचे. कठोर वाटेल, पण त्या एका ओळीने पुढच्या तीन चुका वाचतात.

आता चाचणीबद्दल. प्रश्नात "या पद्धतीने सोडवा" असं लिहिलं असेल तर ती पद्धतच तपासली जाते. उत्तर तर कोणीही आकडे घालून काढू शकतं. त्यामुळे मार्क गेले ते नियमाला धरून. प्रश्नात पद्धत लिहिली नसेल आणि तरी कापले असतील, तर शिक्षकांना भेटा, शांतपणे विचारा.

---

व्हाळाकाठी
सोमवार, दुपारी १:०५

बाई, पद्धत लिहिली होती. मी प्रश्नपत्रिका आत्ता परत पाहिली. आमचंच चुकलं.

पण मग एवढ्या पद्धती हव्यात कशाला? एक आली की झालं ना.

---

खडू_आणि_डस्टर
सोमवार, दुपारी १:४०

एखाद्या समीकरणात क्ष किंवा य ला सहगुणक नसेल, म्हणजे १ असेल, तर किंमत ठेवण्याची पद्धत सरळ पडते. उदाहरणार्थ क्ष + य = २६ असेल तर क्ष = २६ − य लिहून दुसऱ्यात ठेवा, एका ओळीत काम. पण ७क्ष + ५य = ... असं असेल आणि तुम्ही क्ष ची किंमत काढायला गेलात तर सातने भागलेले अपूर्णांक गळ्यात पडतात, आणि मुलं तिथेच चिन्हं चुकतात. तेव्हा लोप. आलेखाने उत्तर नेमकं हाती लागेलच असं नाही, पण *दिसतं*, म्हणून तो आधी शिकवायचा.

पूर्वी तिरकस गुणाकाराची पद्धत असायची. आपल्याकडे दहावीला एनसीईआरटीचं पुस्तक लागतं, त्यातून अलीकडे ती काढून टाकली. मला वाईट वाटलं नाही. मुलं ती बाणांचं चित्र म्हणून पाठ करायची. महाराष्ट्राच्या दहावीत मात्र निश्चयक (सहगुणकांच्या तिरक्या गुणाकारांची वजाबाकी) आहे, क्रेमरची पद्धत. गॅब्रिएल क्रेमर हा स्विस गणिती, त्याने ती १७५० मध्ये छापली. तिच्यात एक गंमत आहे. चिबूड-महाळुंगाला निश्चयक लावला तर छेदात ३×४ − २×६ येतं, म्हणजे १२ − १२ = ०. शून्याने भागता येत नाही, पद्धत तिथेच अडते. एकच एक भाव निघणार नाही हे तुमच्या मुलीला वजाबाकीनंतर कळलं, निश्चयक ते आधीच सांगतो; रेषा समांतर की एकच, हे मात्र उजवीकडे बघूनच कळतं.

---

लॅबातला_बाबा (सांखळी)
सोमवार, संध्याकाळी ७:२०

धागा वाचून हात शिवशिवले. मी खाणीच्या लॅबमध्ये होतो, २०१२ ला खाणी बंद पडेपर्यंत. आमचं पोट याच दोन समीकरणांवर चालायचं, फक्त कोणी त्यांना समीकरणं म्हणत नव्हतं. 'ब्लेंडिंग' म्हणायचे.

एका ढिगात लोहाचं प्रमाण ६२ टक्के, दुसऱ्यात ५४. जहाजाला हवं ५६ टक्क्यांचं खनिज, धरा १००० टन. कुठल्या ढिगातून किती ओढायचं?

क्ष + य = १०००
६२क्ष + ५४य = ५६ × १०००

पहिल्याला ५४ ने गुणून वजा करा, ८क्ष = २०००, क्ष = २५०. उरलेले ७५० टन हलक्या ढिगातून. आमचा एक जुना सुपरवायझर कागद वापरायचाच नाही. ६२ आणि ५६ मधलं अंतर ६, ५६ आणि ५४ मधलं अंतर २. अंतरं उलटी टाकायची, भारी २ भाग, हलकं ६ भाग. चोडणच्या आजीच्या कुळातला माणूस.

पण माझ्या डोक्यात राहिली ती वेगळी गोष्ट. बाईंनी सांगितलं, रेषा समांतर असतील तर उत्तर नाही. रेषा *जवळजवळ* समांतर असतील तर काय, हे शाळेत कोणी सांगत नाही. आम्हाला लॅबने शिकवलं.

समजा, ढीग ६२ आणि ५० चे आहेत, हवं ५६. निम्मं-निम्मं, ५००-५००. आता लॅबकडून ६२ ऐवजी ६१.९ वाचलं गेलं. किती फरक पडतो? ६००० भागिले ११.९, म्हणजे ५०४ टन. चार टनांचा फरक, कोणाला कळतही नाही.

दुसरीकडे ढीग ५७ आणि ५५ चे आहेत, हवं ५६. पुन्हा ५००-५००. लॅबकडून तेवढीच चूक, ५७ ऐवजी ५६.९. आता १००० भागिले १.९, ५२६ टन! तेवढ्याच चुकीला सव्वीस टन. मशीन तेच, माणूस तोच, चूक तीच, पण दोन ढीग एकमेकांसारखे असल्यामुळे ती सहापट फुगली.

कागदावर आखून बघा. दोन रेषा फुलीसारख्या छेदत असतील तर एखादी रेषा जरा सरकली तरी फुलीचा मधला बिंदू जरासाच सरकतो. पण दोन काड्या जवळजवळ एकावर एक ठेवल्या आणि एक किंचित हलवली, तर छेदबिंदू पार टेबलाबाहेर जातो. आमचे साहेब या कारणाने सारखे ढीग एकत्र करायला कधी द्यायचे नाहीत.

---

उगाचच
सोमवार, संध्याकाळी ७:३५

पहिल्यांदाच या फोरमवर खाणींबद्दलचा प्रतिसाद आला आणि भांडण झालं नाही.

---

जुना_क्ष
सोमवार, रात्री ९:५०

आता माझी पाळी. मला इतिहासाची खोड आहे, आणि व्हाळाकाठींनी महाळुंगाचं नाव काढल्यापासून मी गप्प बसलोय याचंच आश्चर्य माना.

बाराशे वर्षांपूर्वीच्या आसपास, इसवी सनाच्या नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य नावाचा जैन गणिती होऊन गेला. त्याच्या 'गणितसारसंग्रहा'त एक उदाहरण आहे: ९ महाळुंग आणि ७ कवठं यांची किंमत मिळून १०७. ७ महाळुंग आणि ९ कवठं यांची मिळून १०१. तर प्रत्येकाची किंमत सांग.

हो, महाळुंगच! संस्कृतात मातुलुंग. व्हाळाकाठींच्या माटोळीत परवा टांगलेलं तेच फळ.

सोडवण्याची युक्ती मुलीलाच शोधू द्या, मी सांगत नाही. फक्त सहगुणकांची अदलाबदल झालीय एवढं तिला दाखवा.

दुसरं, क्ष आणि य वरून. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी बीजगणित लिहिलं. त्यात पहिल्या अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणतात आणि दुसरीपासून रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना पहिलं अक्षर, या, का, नी, पी. एकापेक्षा जास्त अज्ञात असलेल्या समीकरणांना नावच 'अनेकवर्ण'. बाईंनी वस्तूचं अक्षर घेऊ नका म्हटलं ना? काळा, निळा, पिवळा यांचा फळांशी संबंध काय! बाई आणि भास्कराचार्य एका बाजूला.

तिसरं, बेरीज आणि वजाबाकी दिली असता दोन संख्या काढायच्या, या प्रकाराला आपल्याकडे 'संक्रमण' असं वेगळं नावच होतं. 'लीलावती'त उदाहरण आहे, बेरीज १०१, फरक २५. बेरजेत फरक मिळवून निम्मे करा, ६३. बेरजेतून फरक वजा करून निम्मे करा, ३८. संपलं.

---

चोडणची_पोर
सोमवार, रात्री १०:१०

संक्रमण म्हणजे होडी आणि प्रवाहाची गणितं तर सगळी हीच झाली की! प्रवाहाबरोबर ताशी १२, विरुद्ध ताशी ८. बेरीज २०, निम्मे १०, नावेचा वेग. फरक ४, निम्मे २, प्रवाहाचा वेग.

पण एक सांगू का, ही गणितं मला पुस्तकात कधी खरी वाटली नाहीत, कारण आमच्या मांडवीत 'प्रवाहाची दिशा' अशी एक नसते. भरती असेल तर पाणी वरच्या अंगाला चढतं, ओहोटी असेल तर समुद्राकडे जातं. परीक्षेत मी एकदा उत्तराखाली लिहिलं होतं, "ओहोटी आहे असे मानले." शिक्षकांनी तिथे लाल शाईने हसरा चेहरा काढला. मार्क पूर्ण दिले.

---

खडू_आणि_डस्टर
सोमवार, रात्री १०:३०

मीपण दिले असते. गृहीत काय धरलंय ते लिहिणं हे गणितच आहे.

---

व्हाळाकाठी
मंगळवार, रात्री ८:४५

ताजी बातमी.

एक. महाळुंग-कवठाचं गणित लेकीपुढे ठेवलं. पहिली पाच मिनिटं तिने ९ आणि ७ चा लसावि ६३ काढून मोठमोठे गुणाकार चालवले. मी जुना_क्ष यांचं वाक्य वाचून दाखवलं, "सहगुणकांची अदलाबदल झालीय." थांबली. दोन्ही समीकरणांची बेरीज केली, १६क्ष + १६य = २०८. सोळाने भागलं, क्ष + य = १३. मग वजाबाकी, २क्ष − २य = ६, म्हणजे क्ष − य = ३. मग स्वतःच ओरडली, "अरे, हे तर ते भरती-ओहोटीवालं!" महाळुंग ८, कवठ ५. ताळा पण केला, ७२ आणि ३५ मिळून १०७. बाराशे वर्षांपूर्वी ८ ला महाळुंग मिळत होतं हे ऐकून तिच्या आईने उसासा सोडला.

दोन. माझ्या मेहुण्याने त्याच बाईकडून, त्याच वाट्यातला १ चिबूड आणि २ महाळुंग घेतले होते. १३० रुपये. लेकीने माझ्या बिलातून ते वजा केलं:

३क्ष + २य = २३०
क्ष + २य = १३०

२क्ष = १००. चिबूड ५०, महाळुंग ४०. बाईंच्या तीन जोड्यांमधली मधलीच जोडी निघाली!

मग ती वही घेऊन वहिनींच्या दारात. "काकी, तुमचे ४६० व्हायला हवे होते." वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, "व्हायला हवे होतेच. दोन घरांचं घेतेय म्हणून दहा रुपये मीच सोडायला लावले." म्हणजे ० = १० मधले ते दहा वहिनींच्या पर्समध्ये होते.

---

लॅबातला_बाबा
मंगळवार, रात्री ९:००

वा! आमच्या लॅबमध्ये असा फरक सापडला की नमुना परत काढायला लावायचे. तुम्ही वहिनींचा काढलात.

---

जुना_क्ष
मंगळवार, रात्री ९:१५

बाजारातल्या बाईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, सगळं घेतलात तर दुसरा भाव. एकदा सूट आली की क्ष हा क्ष राहत नाही. आपण दोन्ही बिलांत भाव एकच आहे असं न लिहिता मानलं होतं.

---

खडू_आणि_डस्टर
मंगळवार, रात्री ९:२०

आणि ती न लिहिलेली ओळच चुकीची होती. व्हाळाकाठी, आता तिलाच एखादं गणित तयार करायला सांगा. सोडवण्यापेक्षा बनवणं अवघड असतं. सगळी खोच तिथे कळते.

---

व्हाळाकाठी
बुधवार, रात्री ८:३०

बाई, केलं. आणि फसलं. आज सकाळी पोदेर (पाववाला) आला तेव्हा तिने पिशवी आत नेऊन फक्त एकूण मोजले, कुठले किती ते मुद्दाम पाहिलं नाही. उंडे आणि पोई (दोन्ही पावाचेच प्रकार) मिळून १२. उंडा ५ ला, पोई ७ ला. दिले किती म्हणून मला विचारलं, मी म्हटलं ७१.

क्ष + य = १२
५क्ष + ७य = ७१

पाचने गुणून वजा केलं, २य = ११. साडेपाच पोई!

आता म्हणते, रेषा छेदतात, गुणोत्तरं वेगळी आहेत, निश्चयक शून्य नाही, सगळं बरोबर आहे, मग अर्धी पोई कुठून आली. मी म्हटलं फोरमवर विचारतो.

---

खडू_आणि_डस्टर
बुधवार, रात्री ८:४५

वा, छान फसलं. मी सांगत नाही. उगाचच, तुम्ही चार दिवस नुसते चिमटे काढताय, हे तुमच्याकडे.

---

उगाचच
बुधवार, रात्री ९:०५

बाई, तुम्ही मला वर्गात उभं केल्यासारखं वाटलं.

बघा. बाराही उंडेच आहेत असं धरा, चोडणच्या आजीसारखं. ६० रुपये. प्रत्येक पोईमागे २ रुपये वाढतात. म्हणजे बिल ६०, ६२, ६४ असंच जाणार, ७१ कधी येणारच नाही, पोई किती का असेनात. गणिताला अर्धी पोई चालते, पोदेराला चालत नाही. तेव्हा ७१ हा आकडाच चुकीचा. ७० असेल तर पोई ५, उंडे ७. ७२ असेल तर पोई ६, उंडे ६. पिशवी उघडून मोजा.

---

व्हाळाकाठी
बुधवार, रात्री ९:२०

पिशवी आता रिकामी आहे, पण बायकोला आठवतंय. पोई पाचच होत्या. एक रुपया मी पोदेराला सुटा नाही म्हणून जास्तीचा दिला होता आणि विसरलो होतो. लेक म्हणतेय, "काकींचे दहा आणि पप्पांचा एक, आता यापुढे कोणाच्या तोंडचं बिल घ्यायचं नाही."

---

उगाचच
बुधवार, रात्री ९:२२

मी पहिल्याच प्रतिसादात काय म्हटलं होतं? भाव विचारायचा.